यीस्टच्या बाटलीवर पाणवनस्पती वाढवताना

पाणवनस्पतींची टाकी नव्याने लावलेल्या माणसाची तक्रार बहुधा एकच असते. दिवा चांगला घेतला, तळाला खतमाती घातली, पाणी वेळच्या वेळी बदलले, तरी रोटालासारख्या पाणवनस्पतींचे शेंडे दिवसेंदिवस बारीक होत जातात आणि काचेवर, दगडांवर शेवाळ मात्र जोमाने चढते. अशा वेळी बहुतेकदा कमी पडत असतो तो कार्बन. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात २५ अंश सेल्सिअस तापमानाला कार्बन डायऑक्साइड लिटरमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो. मासे आणि तळातले जिवाणू यांच्या श्वसनामुळे टाकीत तो दोन-चार मिलिग्रॅमपर्यंत जातो. शिवाय पाण्यात वायूचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते, त्यामुळे पानाला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थरातला वायू संपला की नवा वायू तिथवर पोहोचेपर्यंत पान उपाशीच राहते. वेगाने वाढणाऱ्या वनस्पतींच्या टाकीत हे प्रमाण लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम ठेवण्याचा प्रघात आहे.

त्यासाठी सिलिंडर, रेग्युलेटर आणि विजेवर उघडमिट होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह असा संच मिळतो, पण त्याला काही हजार रुपये मोजावे लागतात. साखर आणि यीस्ट यांच्यावर चालणारी घरगुती बाटली हा त्याला जुना, स्वस्त आणि चालणारा पर्याय आहे. दोन फुटी टाकीला, म्हणजे साधारण ५० ते ६० लिटर पाण्याला, ती व्यवस्थित पुरते. तीन-चार फुटी टाकीसाठी मात्र बाटल्यांची रांग लावण्यापेक्षा पैसे साठवून सिलिंडर घ्यावा, असे माझे मत आहे. बाटलीतून वायू निघणे यात काहीच अवघड नाही, तो पहिल्याच दिवशी निघतो. अवघड आहे ते हे की, तो विसाव्या दिवशीही तेवढाच निघावा आणि रात्री माशांच्या जिवावर उठू नये. पुढील बहुतेक मजकूर त्याच खटपटीविषयी आहे.

त्याआधी टाकीला या खटाटोपाची गरज आहे की नाही, ते पाहावे. अनुबियास, जावा फर्न, मॉस आणि सावकाश वाढणाऱ्या क्रिप्टोकोरीन यांना मंद दिव्याखाली वेगळा कार्बन द्यावा लागत नाही. वालिस्नेरिया आणि हायड्रिला या वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात, म्हणून बोअरवेलच्या जड पाण्यात त्या विनासायास फोफावतात. रोटाला, लुडविजिया यांसारख्या लाल होणाऱ्या जाती आणि तळावर गालिच्यासारख्या पसरणाऱ्या वनस्पती यांना मात्र वायूचा फरक आठवड्याभरात दिसतो.

बाटलीत नेमके काय घडते

यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे. ती प्रथम साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते आणि मग प्राणवायू नसताना त्यांपासून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवते. साखर कारखान्यांना जोडलेल्या आसवन्यांमध्ये मळीपासून अल्कोहोल बनते तेही याच क्रियेने. तिथे अल्कोहोल ठेवतात आणि वायू हे उपउत्पादन असते, आपण वायू घेतो आणि अल्कोहोल टाकून देतो, एवढाच फरक.

या क्रियेचा हिशेब एकदा मांडून पाहिला की पुढच्या अनेक चुका टळतात. १०० ग्रॅम साखरेपासून जास्तीत जास्त ५१ ग्रॅम वायू मिळतो. म्हणजे २०० ग्रॅम साखरेतून, ती पूर्ण आंबली तर, सामान्य तापमानाला सुमारे ५७ लिटर वायू निघेल. हा वायू तीन आठवडे पुरवायचा म्हटला तर मिनिटाला दोन मिलिलिटरपेक्षा थोडा कमी पडतो. एका बुडबुड्याचे आकारमान ०.०५ मिलिलिटर धरले, तर मिनिटाला ३५ ते ४० बुडबुडे. यावरून हे उघड होते की, सेकंदाला तीन-तीन बुडबुडे सोडणारी बाटली कौतुकाची नसून ती आठवड्याभरात संपणार आहे. दुसरे असे की, साखर वाढवून बाटली हवी तितकी लांबवता येत नाही. बेकरीचे यीस्ट साधारण १० ते १२ टक्के अल्कोहोलात हतबल होते, आणि १.४ लिटर द्रावात २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली की अल्कोहोल सुमारे १० टक्क्यांवर पोहोचतेच. त्यापुढची प्रत्येक मूठ साखर बाटलीत न आंबता तशीच पडून राहते.

साहित्य

बाटली सोड्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या दोन-सव्वादोन लिटरचीच घ्यावी. या बाटल्या वायूचा दाब सोसण्यासाठीच बनवलेल्या असतात. त्यांचा पाच पाकळ्यांसारखा तळ त्याचसाठी असतो. मिनरल वॉटरच्या पातळ बाटल्या दाबाने फुगतात आणि मुरडतात. काचेची बाटली कोणत्याही परिस्थितीत वापरू नये, कारण नळी तुंबली तर प्लॅस्टिकची बाटली फुगून सूचना देते, काचेची बाटली सूचना न देता फुटते. एक मोठी बाटली आंबवण्यासाठी आणि दुसरी अर्ध्या लिटरची बाटली वायू धुण्यासाठी लागते.

नळी एअर पंपाचीच, बाहेरून ६ मिलिमीटर आणि आतून ४ मिलिमीटर व्यासाची असावी. मऊ सिलिकॉनची नळी हाताळायला सुखाची असली तरी तिच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड झिरपून जातो, म्हणून लांब जोडणीसाठी पीव्हीसीची किंवा पॉलियुरेथेनची नळी बरी. वायू एकाच दिशेने जाऊ देणारा एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. तो नळीत उलटा बसवला की वायू अडतो, म्हणून आधी तोंडाने फुंकून त्याची दिशा पाहून घ्यावी. साखर घरचीच चालते. यीस्ट वाण्याकडे किंवा बेकरीच्या सामानाच्या दुकानात सुक्या दाण्यांच्या रूपात मिळते. उघडलेले पाकीट हवाबंद डबीत, फ्रीजमध्ये ठेवावे. पावसाळ्यात ओट्यावर उघडे राहिलेले पाकीट महिन्याभरात निकामी होते.

बुडबुडे मोजण्यासाठी दुकानात काचेचा सुबक बबल काउंटर मिळतो, पण आपल्याकडच्या हौशी लोकांनी त्याला फार पूर्वीच पर्याय शोधला आहे, तो म्हणजे औषधाच्या दुकानातला सलाइनचा नवा, न वापरलेला सेट. त्यातले थेंब पडताना दिसणारे पारदर्शक चेंबर उलटे धरून त्यात निम्मे पाणी भरले की ते उत्तम बबल काउंटर होते. दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. काही सेटच्या चेंबरला हवेसाठी झाकणाचे बारीक छिद्र असते, ते घट्ट बंद नसेल तर वायू तिथूनच निसटतो. आणि सेटवरचा चाकाचा क्लॅम्प काढून फेकून द्यावा. प्रवाह कमी करण्यासाठी तो आवळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. पण यीस्ट थांबत नाही, वायू बनतच राहतो, आणि आवळलेल्या नळीमागे दाब साठून शेवटी सर्वांत कच्चा सांधा सुटतो.

झाकणाचा सांधा

या साऱ्या जुळणीत खरे कसब एकाच ठिकाणी लागते, ते म्हणजे झाकणातून नळी हवाबंद बाहेर काढणे. झाकणाच्या प्लॅस्टिकला फेव्हिक्विक, सिलिकॉन किंवा हॉट ग्लू यांपैकी काहीही मनापासून धरत नाही. आज चिकटलेले दिसते आणि पंधरा दिवसांनी नखाने सोलून निघते. म्हणून डिंकावर अवलंबून राहू नये. ६ मिलिमीटरच्या नळीसाठी झाकणाला मधोमध ५ मिलिमीटरचे, म्हणजे नळीपेक्षा मुद्दाम लहान, भोक ड्रिलने पाडावे. तापवलेला खिळा वापरला तर भोकाच्या कडेला वितळलेल्या प्लॅस्टिकच्या गाठी राहतात आणि तिथूनच गळती होते. नळीचे टोक कात्रीने तिरके, पेनाच्या निबासारखे कापावे, ते गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मऊ करावे, झाकणाच्या बाहेरच्या बाजूने भोकात घालावे आणि आतून पक्कडीने धरून ओढावे. नळी आक्रसत, कुरकुरत आत येते. दोन सेंटिमीटर आत आली की तिरके टोक सरळ कापून टाकावे. थंड झाल्यावर नळी फुगून भोकात इतकी घट्ट बसते की तिला चिकटवण्याची गरजच उरत नाही.

धुण्याच्या बाटलीच्या झाकणाला अशी दोन भोके लागतात. मोठ्या बाटलीकडून येणारी नळी तळाजवळच्या पाण्यात बुडलेली असावी आणि टाकीकडे जाणारी नळी झाकणाच्या खाली जेमतेम दोन सेंटिमीटर असावी. या नळ्यांची अदलाबदल झाली तर वायूऐवजी बाटलीतले पाणीच टाकीत ढकलले जाते. बाटली निम्मी साध्या पाण्याने भरावी. मोठ्या बाटलीतून फेस वर चढला तर तो इथे अडतो, वायूबरोबर आलेली अल्कोहोलची वाफ बरीचशी इथे विरघळते, आणि बुडबुडे मोजायचे तर इथेही मोजता येतात. बरेच जण ही बाटली गाळतात. मीही पहिल्या वर्षी गाळली होती. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीशी ठेवलेली बाटली दुपारच्या उन्हाने उकळल्यासारखी फसफसली, पिवळसर फेस नळीतून सरळ टाकीत उतरला, आणि संध्याकाळी घरी आलो तेव्हा टाकीत ताक ओतल्यासारखे पाणी होते व सगळे गप्पी पृष्ठभागाशी तोंडे वर करून उभे होते. निम्मे पाणी लागोपाठ तीन दिवस बदलावे लागले. दहा मिनिटांची एक जादा बाटली लावली असती, तर हे काहीच झाले नसते.

सर्व सांधे जोडून झाले की भांडी घासण्याच्या लिक्विडचा फेस प्रत्येक सांध्याला लावावा, टाकीकडचे टोक बोटाने बंद करावे आणि मोठी बाटली हळूच दाबावी. फेसात बुडबुडा फुगला तर तिथे गळती आहे. ही तपासणी मिश्रण भरण्याआधी करावी. बाटलीतून काही येत नाही म्हणून यीस्टला दोष देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या घरी यीस्ट उत्तम काम करत असते आणि वायू झाकणातून घरभर पसरत असतो.

मिश्रण

२०० ग्रॅम साखर, म्हणजे साधारण एक मोठी वाटी, कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मोठ्या बाटलीत ओतावी आणि एकूण द्राव १.४ लिटर होईल इतके पाणी घालावे. वरची चार-पाच बोटे जागा फेसासाठी मोकळी राहायलाच हवी. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी उकळून गार करून घ्यावे. चिमूटभर, म्हणजे पाव चमच्याहून कमी, खाण्याचा सोडा घातला तर द्राव लवकर आंबट होत नाही आणि बाटली थोडी अधिक टिकते. त्याहून जास्त घालण्यात फायदा नाही.

यीस्ट वेगळे जागे करावे. अर्धी वाटी पाणी बोटाला सुखद कोमट लागेल इतके, म्हणजे ३५ ते ४० अंश, असावे. चटका बसेल असे पाणी यीस्टला मारते. त्यात चिमूटभर साखर आणि पाव चहाचा चमचा, म्हणजे पाऊण ते एक ग्रॅम, सुके यीस्ट टाकून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. वर मलईसारखा फेस धरला तर यीस्ट जिवंत आहे. काहीच हालचाल दिसली नाही तर ते बाटलीत घालू नये, दुसरे पाकीट आणावे. बाटलीतले साखरेचे पाणी गार झाल्याची खात्री करून हे मिश्रण त्यात ओतावे आणि बाटली न घुसळता एकदा गोल फिरवावी.

पाव चमचा फारच थोडा वाटतो, आणि नवशिक्या माणसाचा हात इथेच सैल सुटतो. अख्खा चमचा यीस्ट घातले तर वायूचे एकूण प्रमाण वाढत नाही, कारण ते साखरेवर ठरते. फक्त तोच वायू तीन आठवड्यांऐवजी सहा-सात दिवसांत, सुरुवातीला धो-धो आणि नंतर अजिबात नाही, असा येतो. साखरेऐवजी गूळ किंवा काकवी वापरता येते आणि त्यातल्या क्षारांमुळे यीस्ट जोमाने वाढते, पण फेस आवरत नाही. मी गूळ दोनदा वापरून पाहिला आणि परत साखरेवर आलो.

झाकण घट्ट लावून नळी जोडली की दोन ते बारा तासांत बुडबुडे सुरू होतात. सुरुवातीचे बुडबुडे बाटलीत आधीच असलेल्या हवेचे असतात. बाटली शक्यतो टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, कपाटाच्या फळीवर ठेवावी, म्हणजे दाब उतरला तरी टाकीतले पाणी सायफनने बाटलीकडे येत नाही. मात्र अशा वेळी बाटली आडवी होणार नाही, अशी बांधून ठेवावी, नाहीतर द्राव टाकीत उतरतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाकीजवळ बसवावा. प्लॅस्टिकचे स्वस्त व्हॉल्व्ह काही महिन्यांत ताठरतात, म्हणून ते वर्षातून एक-दोनदा बदलणे बरे.

वायू पाण्यात विरघळवणे

बुडबुडा पृष्ठभागावर येऊन फुटला की तो वाया गेला. वायूचे बारीक बुडबुडे करणारे, दुकानातल्या सिरॅमिक चकत्यांचे अनेक डिफ्यूझर सिलिंडरच्या दाबासाठी बनवलेले असतात. यीस्टच्या बाटलीला त्यांतून वायू ढकलायला जोर पुरत नाही आणि तो एखाद्या सांध्यातून वाट काढतो. नळीच्या टोकाला लावायचा सच्छिद्र लाकडी एअर स्टोन चालतो, पण तो महिन्या-दीड महिन्यात बुळबुळीत होऊन तुंबतो. टाकीत बुडालेला पॉवर फिल्टर असेल तर नळीचे टोक त्याच्या पाणी ओढणाऱ्या जाळीत खोचणे सर्वांत चांगले. आतला पंखा बुडबुड्यांचे धुके करून टाकीभर पसरवतो. पंखा अधूनमधून घरघर करतो, त्याची सवय होते. फिल्टर नसेल तर पाण्याखाली काचेला एक लहान पारदर्शक वाटी पालथी, सक्शन कपने चिकटवून तिच्याखाली वायू सोडावा. वाटीखाली वायूचा साठा तयार होतो आणि तो पाण्याला लागलेल्या पृष्ठभागातून सावकाश विरघळतो. दिसायला ही पद्धत ओबडधोबड आहे, पण तिच्यात तुंबण्यासारखे काही नाही.

दिवा चालू असताना एअर पंप बंद ठेवावा आणि मागे टांगलेल्या फिल्टरचे पाणी धबधब्यासारखे पडत असेल तर टाकीतली पाण्याची पातळी वाढवून ते शांत करावे. खळाळणारा पृष्ठभाग विरघळलेला वायू हवेला परत देऊन टाकतो.

मोजमाप

बुडबुड्यांचा वेग फक्त बाटलीची प्रकृती सांगतो. पाण्यात किती विरघळले, ते ड्रॉप चेकर सांगतो. ही काचेची छोटी घंटी टाकीत चिकटवायची आणि तिच्यात ४ केएचचे (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचे माप) प्रमाणित पाणी व ब्रोमोथायमॉल ब्लू या दर्शकाचे दोन-तीन थेंब घालायचे. हे दर्शक पीएच मोजण्याच्या साध्या किटमध्येही असते. प्रमाणित पाणी घरी बनवता येते. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, म्हणजे पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळते त्यात, १.२ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवला की ४० केएचचे द्रावण होते. त्यातले १०० मिलिलिटर घेऊन ते ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळले की ४ केएच मिळते. १.२ ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही. मसाल्याच्या किंवा सोनाराच्या छोट्या काट्याची मदत घ्यावी. घंटीत टाकीचे पाणी भरू नये, कारण त्यात इतर आम्ले आणि क्षार असल्याने रंग फसवतो.

द्रव निळा असेल तर वायू कमी आहे, गवती हिरवा असेल तर लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास आहे आणि पिवळा झाला तर माशांना धोका आहे. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, म्हणून चेकर आत्ताची नव्हे तर मघाची स्थिती दाखवतो. नव्या टाकीत निळसर हिरव्यावरच थांबावे. पुण्या-मुंबईकडच्या धरणाच्या पाण्यात विरघळलेले क्षार बहुधा कमीच असतात. अशा पाण्याचे केएच किटने मोजून घ्यावे. ते ३ च्या खाली असेल तर थोड्याच वायूने पीएच झपाट्याने उतरतो आणि तिथे हात राखूनच काम करावे.

रात्र

सिलिंडरचा वायू दिव्याबरोबर बंद करता येतो, यीस्टला मात्र रात्र कळत नाही. अंधारात वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेणे थांबवतात आणि माशांसारखाच प्राणवायू वापरू लागतात, बाटली मात्र तशीच बुडबुडत राहते. म्हणून यीस्टच्या टाकीची खरी परीक्षा सकाळी सहा-सातला, दिवा लागण्यापूर्वी होते. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, कल्ले भराभर हलत असतील किंवा कोळंबी पाण्याबाहेर यायचा प्रयत्न करत असेल, तर रात्री वायू जास्त साठतो आहे. अशा वेळी लगेच एअर पंप लावावा आणि तिसरा हिस्सा पाणी बदलावे.

कायमचा उपाय म्हणजे एअर पंप टायमरवर लावणे, जेणेकरून दिवा बंद होताच तो सुरू होईल आणि दिवा लागण्याच्या तासभर आधी थांबेल. टायमर नसेल तर झोपताना टाकीकडची नळी काढून पाण्याबाहेर मोकळी सोडावी. नळीला गाठ मारणे, चिमटा लावणे किंवा बाटलीचे झाकण अधिक घट्ट करणे हे उपाय नव्हेत. घरातल्या माणसांना या बाटलीतल्या वायूचा काही धोका नाही. तो उघड्या खोलीत सहज विरून जातो.

सातत्य

वायूचे प्रमाण रोज वर-खाली झाले तर वनस्पतींपेक्षा शेवाळाचेच फावते, विशेषतः पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखे धरणारे शेवाळ अशा टाक्यांत हटकून दिसते. एक बाटली पहिले चार दिवस जास्त, पुढचे दहा दिवस बरी आणि मग कमी कमी वायू देते. हा चढउतार सपाट करायचा सोपा मार्ग म्हणजे दोन बाटल्या एकाच धुण्याच्या बाटलीला टी-जोडाने जोडणे आणि त्या दहा-बारा दिवसांच्या अंतराने भरणे. एक उतरत असताना दुसरी चढत असते. बाटली बदलताना दुसऱ्या बाटलीचा वायू मोकळ्या नळीतून निसटू नये म्हणून ज्या बाटलीचे झाकण उघडतो त्या शाखेला आणखी एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ठेवावा.

दुसरा शत्रू म्हणजे तापमान. पुण्यात, नाशकात डिसेंबरच्या रात्री पारा दहा अंशांपर्यंत उतरतो आणि बाटली सकाळी मेल्यासारखी दिसते. ती मेलेली नसते, दुपारी पुन्हा बुडबुडते. नागपूरच्या मे महिन्यात हीच बाटली आठ दिवसांत सगळी साखर फस्त करते. पाण्याने भरलेल्या बादलीत बाटली उभी ठेवली की दिवस-रात्रीतला फरक पुष्कळच कमी होतो, कारण पंधरा लिटर पाणी सहजासहजी तापत किंवा गार होत नाही. उन्हाळ्यात यीस्ट पाव चमच्याहूनही कमी घालावे, थंडीत अर्ध्या चमच्यापर्यंत जायला हरकत नाही.

साखरेची जेली हा तिसरा मार्ग. साखरेचे पाणी जिलेटिनने गोठवून त्यावर यीस्टचे पाणी घातले तर यीस्टला साखर वरून थोडी थोडी, झिरपत मिळते आणि वायू अधिक एकसारखा येतो. थंड हवेच्या ठिकाणी हे उत्तम चालते, पण जिलेटिन ३५ अंशांच्या आसपास वितळते, आणि आपल्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता सगळी जेली एकदम पातळ होऊन बाटली उसळते. म्हणून आपल्याकडे चायना ग्रास वापरावा. तो गोठल्यावर ८० अंशांच्या पुढेच वितळतो. साधारण पाच ग्रॅम चायना ग्रास एक लिटर पाण्यात उकळून पूर्ण विरघळवावा, त्यात २०० ग्रॅम साखर घालावी, थोडे निवल्यावर, पण गोठण्याआधी, बाटलीत ओतून रात्रभर राहू द्यावे आणि सकाळी वर यीस्ट घातलेले ४०० मिलिलिटर गार पाणी ओतावे. उकळते मिश्रण बाटलीत ओतले तर बाटली सुरकुतून आकसते.

काही बिघाड आणि त्यांच्या खुणा

बाटली घट्ट फुगलेली आहे पण टाकीत बुडबुडे नाहीत, याचा अर्थ नळी मुडपली आहे, व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा एअर स्टोन तुंबला आहे. झाकण हळूहळू सैल करून दाब सोडावा आणि मगच शोध घ्यावा. बाटली मऊ आहे आणि बुडबुडेही नाहीत, तर गळती आहे किंवा यीस्ट संपले आहे. झाकण उघडून वास घ्यावा. चांगल्या बाटलीला आंबलेल्या पिठासारखा, किंचित दारूचा वास येतो. व्हिनेगरसारखा झणझणीत वास आला तर बाटलीत हवा शिरते आहे, कारण अल्कोहोलचे व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो. द्राव अजून गोड असूनही बुडबुडे थांबले असतील तर यीस्ट मेले आहे आणि नवे जागे केलेले यीस्ट घातल्यास तोच द्राव पुन्हा चालू शकतो.

नळीच्या टाकीतल्या तोंडाशी पांढरा, शेंबडासारखा चिकट थर धरतो. तो वायूबरोबर आलेल्या अल्कोहोलवर वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. पुसून टाकावा आणि धुण्याच्या बाटलीतले पाणी आठवड्याला बदलावे. सगळे ठीक असूनही पाने पिवळी पडू लागली, तर ती वायूची चूक नसते. कार्बन मिळाल्यावर वनस्पतींची भूक वाढते आणि पोटॅश, नायट्रेट व लोह यांची टंचाई उघडी पडते. खताची मात्रा थोडी वाढवावी, दिवा आठ तासांपलीकडे नेऊ नये.

बाटली बदलताना

बुडबुडे मिनिटाला दहा-बाराच्या खाली आले की बाटली बदलावी. जुन्या बाटलीच्या तळाशी बसलेला पांढरा साका पुन्हा वापरण्याची सूचना काही जण करतात. तो अल्कोहोलने थकलेला असतो आणि त्यात इतर जिवाणूही मिसळलेले असतात, त्यामुळे दर वेळी चिमूटभर नवे यीस्टच घ्यावे. काटकसर करण्याइतके ते महाग नाही. बाटली नुसत्या गरम पाण्याने खळबळून धुवावी, साबण वापरू नये. झाकण मात्र नळीसकट वर्षानुवर्षे चालते.

जुना द्राव मोरीत भरपूर पाण्याबरोबर सोडावा. त्यात दारूचा अंश असला तरी तो पिण्याजोगा नसतो, म्हणून बाटली लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी असावी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवलेली असावी. त्या चिठ्ठीवर भरल्याची तारीख आणि यीस्टचे माप लिहून ठेवले, तर पुढच्या थंडीत किंवा पुढच्या उन्हाळ्यात किती यीस्ट घालायचे, हे आपल्या घरापुरते तिथेच वाचायला मिळते.